बघण्यासारखं काय आहे?

मराठी भाषेतला सर्वांत दुष्ट प्रश्न कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन : "तिथं बघण्यासारखं काय आहे?" 'पगार किती?' हा प्रश्न त्यामानानं सोज्ज्वळ. त्यात फक्त एका माणसाची अब्रू जाते. यात अख्ख्या गावाची जाते. मी वडूजचा म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "हे कुठं आलं?" मग मी सांगतो, सातारा जिल्हा, खटाव तालुका, तालुक्याचं ठिकाण, येरळा नदी. नदी म्हटल्यावर त्याचा चेहरा थोडा फुलतो. मग मी प्रामाणिकपणे सांगतो की नदीत बहुतेक दिवस पाणी नसतं. त्यावर तो प्रश्न येतोच.

विचारणाऱ्याच्या डोक्यात एक यादी असते : किल्ला, देऊळ, धबधबा, आणि गोरा माणूस. म्हणजे गोरा माणूस आता नसला तरी चालतो, पण पूर्वी कधीतरी तो तिथं राहून गेलेला असला पाहिजे. आमच्याच जिल्ह्यातलं महाबळेश्वर पाहा. गोरे साहेब ज्या ज्या दगडावर बसून दरीकडे बघत बसले, तो तो दगड 'पॉइंट' झाला आणि तिथं मक्याची कणसं विकायला माणूस बसला. वडूजच्या दगडावर कुणी साहेब बसला नाही. बसला असता तर भाजून उठला असता. साहेबाच्या सरकारनं वडूजची मनापासून दखल घेतली ती 9 सप्टेंबर 1942 या दिवशी. त्या दिवशी कचेरीवर मोर्चा आला आणि गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ माणसं गेली. पण ते काही 'पॉइंट'मध्ये धरत नाहीत.

हे सगळं मी गिळून बसलो होतो. पण आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात. तिच्याकडे तीन महिने राहून ते परत आले ते फोनमध्ये तीनशे चाळीस फोटो घेऊन. त्यातले दोनशे एकाच गावाचे. गावाचं नाव सोल्वँग. "अहो, छोटंसं गाव! वस्ती सहा हजारांच्या आसपास! पण काय ते गाव! अमेरिकेत असून अमेरिकेत आहे असं वाटतच नाही. डेन्मार्क! साक्षात डेन्मार्क! आणि शेजारी स्पॅनिश लोकांचं चर्च!"

वडूजची वस्ती त्याच्या दुपटीहून जास्त आहे, आणि वडूजमध्ये असताना आपण वडूजमध्येच आहोत असं वाटतं. बहुधा हाच आमचा गुन्हा.

गृहस्थांनी मला सगळे दोनशे फोटो दाखवले. पवनचक्की, पवनचक्कीसमोर ते, पवनचक्कीसमोर वहिनी, पवनचक्कीसमोर दोघं, छपरावर लाकडी करकोचे, आणि आपल्या आप्प्यांसारखा दिसणारा एक गोड पदार्थ. (वहिनी म्हणाल्या, "आप्पेच हो. पण डॉलरमध्ये.") मी बँकेतला कारकून. समोर आलेला कागद मागच्या बाजूनंही पाहायची सवय. म्हणून या सोल्वँगचं खातं जरा उलगडून पाहिलं. 1804 साली स्पॅनिश पाद्र्यांनी तिथं सांता इनेस नावाचं मिशन उभं केलं. 1911 साली अमेरिकेच्या मध्यभागात राहणारी डॅनिश मंडळी तिकडे सरकली, नऊ-दहा हजार एकर जमीन घेतली, शाळा काढली, शेती केली. आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं त्यांची बहुतेक घरं बाकीच्या कॅलिफोर्नियातल्या घरांसारखीच होती! 1947 साली 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'नं या गावावर लेख छापला, लोक बघायला येऊ लागले, आणि आलेल्यांना दाखवायला काही असावं म्हणून गावानं डेन्मार्कचा पोशाख चढवला. पवनचक्क्या आणि करकोचे त्या सुमाराचे. म्हणजे आधी बघे आले, मग बघण्यासारखं आलं.

आणि त्या जमिनीवर आधी कोण होतं? चुमाश नावाचे तिथले मूळ लोक. मिशन त्यांच्याच हातांनी बांधलं गेलं. 1824 साली याच मिशनमध्ये एका चुमाश पोराला फटके मारले, तेव्हा त्यांनी बंड केलं. ते लोक अजूनही तिथंच शेजारी राहतात. दोनशे फोटोंत त्यांचा एकही फोटो नव्हता. मी विचारलं, तर गृहस्थ म्हणाले, "तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं."

इथवर ठीक होतं. पण या माणसानं योजना काढली. वडूजचाही विकास झाला पाहिजे. येरळेकाठी एक पवनचक्की उभारायची, स्टँडपासून पेठेपर्यंतच्या घरांना एकसारखी उतरती छपरं बसवायची, आणि शेवटी 'आय लव्ह वडूज' अशी प्लॅस्टिकची अक्षरं. मी म्हटलं, आपल्या जिल्ह्याच्या डोंगरांवर पवनचक्क्या शेकड्यांनी उभ्या आहेत. ते म्हणाले, "त्या वेगळ्या. त्या वीज तयार करतात."

याला काय उत्तर देणार? मीही मग डेन्मार्कला जाऊन आलो. बँकेच्या प्रवास-सवलतीत.

दचकू नका. मी गेलो ते डेन्मार्क तामिळनाडूत आहे. तरंगमबाडी नावाचं समुद्रकाठचं गाव. डेन लोकांच्या तोंडात ते ट्रांकेबार झालं. 1620 साली डेन्मार्कच्या राजाचा ओव्हे गेड्डे नावाचा दर्यासारंग तंजावरच्या रघुनाथ नायकाला भेटला आणि मिरीच्या व्यापारासाठी जागा मागून घेतली. तिथं त्यानं डान्सबोर्ग किल्ला बांधला. (स्पॅनिश हवेत असतील तर तेही जवळच होते. तिथून पुढे नागपट्टणमला पोर्तुगीज होते, आणि 1580 पासून 1640 पर्यंत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडेच होती.) त्या वेळी नायकानं डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरलेलं पत्र पाठवलं. ते अजून तिकडच्या सरकारी दप्तरात आहे.

हे सोन्याच्या पत्र्याचं मी माझ्या थोरल्या चुलतभावाला सांगितलं तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला : "किती टंच?"

हा प्रश्न दादाला शोभतो, कारण त्याचा धंदाच तो. तरंगमबाडीपासून तासाभराच्या अंतरावर मायिलाडुदुरै नावाचं शहर आहे, तिथं त्याचं गलाईचं दुकान आहे. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करायचं. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या आमच्या कोरड्या पट्ट्यातली हजारो कुटुंबं या धंद्यापायी देशभर पांगली. हिंदुस्थानातल्या कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यावर जा, मागच्या बोळात धूर येत असेल तिथं हाक मारा, "काय पाव्हणं, गाव कंचं?" विटा, खानापूर किंवा खटाव यांपैकी काहीतरी उत्तर येईलच. दादा विशीत गेला. आता साठीला आलाय. त्याच्याकडे उतरून मी हे डेन्मार्क पाहिलं.

"बापू, आरं चाळीस वर्सं झाली मला हितं येऊन," दादा वाटेत म्हणाला, "पर त्या किल्ल्यात एकदाबी गेलो न्हाय. तिथं सोनं मोडाय कोण येतंय?"

गावाची वेस छान आहे. पांढरी शुभ्र, वर 1792 साल. आत शिरलं की राजरस्ता, दोन्ही बाजूंना जुने बंगले, चर्चं, आणि टोकाला समुद्र. शांत गाव. किल्ल्यात छोटंसं संग्रहालय. मला विचाराल तर सोल्वँगपेक्षा हे डेन्मार्क बरं, कारण इथं डेन लोक खरोखरच राहिले होते, आणि त्यांनी घरं बांधली ती फोटोसाठी नव्हे.

पण खरी मौज दगडविटांत नाही. ती जमाखर्चात आहे. जागेचं वर्षाचं भाडं 3,111 रुपये ठरलं होतं असं सांगतात. घरमालक नायक. पुढे 1676 च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरचे धनी झाले, आणि घरमालक मराठी झाला! डेन्मार्कचा राजा मराठी माणसाचा भाडेकरू! हे कुठल्याही पोवाड्यात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणि मग भाडेकरूनं जे करायचं तेच केलं. 1845 साली डेन लोकांनी तरंगमबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर (नगरचं नव्हे) अशी दोन्ही गावं मिळून इंग्रजांना साडेबारा लाखाला विकली. आता सव्वादोनशे वर्षं भाडं नेमानं भरलं असं जरी धरलं, तरी एकूण भरणा होतो 6,99,975 रुपये. सात लाखांना पंचवीस रुपये कमी! भाडेकरूनं जागा विकून नफा कमवावा आणि घरमालकानं बघत बसावं, हा प्रकार पुण्यात सुरू झाला असं आपण समजतो. तो त्याच्या फार आधीचा आहे. मालकालाही बोलायला तोंड नव्हतं म्हणा, कारण तंजावरच्या सरफोजीराजांनी 1799 सालीच कारभार कंपनी सरकारकडे देऊन स्वतःकडे किल्ला आणि तनखा ठेवला होता.

आणखी एक गोष्ट सांगतो. ही वाचून माझ्यासारख्या बँकवाल्याच्या डोळ्यांत पाणी येतं. 1643 साली डेन्मार्कहून एक जहाज आलं. त्यानंतरचं जहाज आलं 1669 साली. मधली सव्वीस वर्षं हेड ऑफिस शाखेला विसरलं! पगार नाही, पत्र नाही, बदलीचा हुकूम नाही, ऑडिटसुद्धा नाही. माणसं मेली, पळाली, आणि शेवटी एस्किल्ड काँग्सबाके नावाचा एकच डेन उरला. त्यानं काय करावं? त्यानं किल्ल्यावर डेन्मार्कचं निशाण चालू ठेवलं, मिळेल तिथून पैसा उभा केला (कुठून ते फार विचारू नये), आणि गावाभोवती तट बांधला. त्याच्याबरोबर पहाऱ्यावर कोण उभे होते? तट रचला कुणी? एका माणसानं गावाचा तट बांधला असं फक्त पुस्तकात होतं. कोळी, विणकर, गवंडी, शिपाई ही सगळी तिथलीच माणसं. तो गाव 'डॅनिश' म्हणून ओळखला जातो, पण शेवटी शेवटी तो एक डेन सोडून सगळ्या तामिळ माणसांनी चालवला. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर आहे म्हणाल, तर नाही. गव्हर्नरांची नावं आहेत. किनाऱ्याला लागून मासिलामणिनाथाचं देऊळ आहे, 1306 सालचं, डेन यायच्या तीनशे वर्षं आधीचं. समुद्रानं त्याचा पुढचा भाग खाऊन टाकला. 2004 च्या त्सुनामीत इथल्या कोळीवाड्यातली कितीतरी माणसं गेली. पाहुणे मात्र विचारतात, "डॅनिश गव्हर्नरचा बंगला कुठं आहे?"

आणि हा नुसता गोऱ्यांचाच दोष आहे असं समजू नका. आपली मंडळी काय करतात ते मी तंजावरला पाहिलं. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास भिंतीवर मराठीत कोरून घेतला आहे. एवढा लांब मराठी शिलालेख दुसरीकडे नाही असं म्हणतात. आपल्याकडची सहल आली होती. चाळीस माणसं. गाइड म्हणाला, इथं तुमचं राज्य होतं. टाळ्या पडल्या. घोषणा झाल्या. मग एकानं विचारलं, "पोहे कुठं मिळतील?" शिलालेखाच्या चार ओळी वाचायला एकजण थांबला नाही. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं, ही गोष्ट मात्र सगळ्यांना तोंडपाठ होती. तिला कागदाचा आधार नाही, पण ती खाता येते!

वास्तविक सांगण्यासारखं कितीतरी होतं. तरंगमबाडीला 1706 साली त्सीगेनबाल्ग नावाचा जर्मन पाद्री आला. डेन्मार्कच्या राजानं पाठवलेल्या या माणसाला डेन्मार्कच्याच गव्हर्नरनं 1708 साली चार महिने किल्ल्यात डांबलं. (हेड ऑफिस आणि शाखा यांचं हे असंच असतं.) सुटल्यावर त्यानं छापखाना आणला आणि तामिळ पुस्तकं छापली. त्याच मिशनमधला श्वार्ट्झ 1750 साली आला, आणि पुढे तो लहानग्या सरफोजीचा पालक झाला. त्या पोरानं राजा झाल्यावर सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, स्वतःचा छापखाना काढला, आणि 1806 च्या सुमारास तिथं इसापच्या गोष्टी मराठीत छापून झाल्या. तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती आणि छापखाना नव्हता. विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 साली छापलं गेलं तेही डेन लोकांच्या ताब्यातल्या त्या बंगाली श्रीरामपुरातच, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. आपल्या कीर्तनातली साकी आणि दिंडी तामिळ हरिकथेत जाऊन बसली, ती तंजावरच्याच वाटेनं. हे सगळं त्या देवळाच्या अंगणात उभं राहून सांगता आलं असतं. पण पोहे थंड होत होते.

सगळ्यात वाईट प्रकार पुढे झाला. सहलीतल्या बायकांशी एक म्हातारी बोलायला आली. तंजावरी मराठी. तिच्या घरी तीनशे वर्षं मराठी बोलतायत, आणि त्यात तामिळ हेल, जुने शब्द, आपल्याला चमत्कारिक वाटतील अशी रूपं. ती इतक्या आनंदानं बोलत होती, आणि आपल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, "किती गंमतशीर बोलतात नाही?" तीनशे वर्षं भाषा सांभाळायची, आणि बक्षीस काय, तर गंमतशीर!

म्हणून मी चिडलोय. पवनचक्कीवर माझा राग नाही. ती बिचारी फिरत नाही, वीज करत नाही, कुणाच्या अध्यात नाही. माझा राग आहे तो या हिशेबावर, की गाव घडवणारा म्हणजे बाहेरून आलेला, ज्याचं चित्र भिंतीवर आहे तो, आणि जे तिथं होते, राबले, राहिले, ते सगळे 'इतर खर्च'.

आणि यातली खरी मेख अशी आहे की आमचा दादाच आज 'बाहेरून आलेला' आहे. मायिलाडुदुरैच्या त्या बोळात त्याच्या दुकानाच्या आजूबाजूला आमच्या भागातली आणखी दुकानं आहेत. गणपती बसतो. दिवाळीला चकलीच्या भाजणीचं पार्सल येतं. दादा तामिळ असं बोलतो की तिथले सराफ त्याला भाचीच्या लग्नात सोनं पारखायला बसवतात. त्यानं ना कुठला किल्ला बांधला, ना कुठल्या राजाकडून भाड्यानं गाव घेतलं. सोन्यातलं हीण काढायचं काम केलं, तेजाबाच्या धुरानं छाती खराब करून घेतली, आणि पैसे वडूजला पाठवले. दुसरीकडे वडूजलाही तो आता पाहुणाच. त्याचं घर तिथं आहे, दुमजली, वर गच्ची, आणि वर्षातले अकरा महिने कुलूप. किल्ली माझ्याकडे. आमच्या गल्लीत अशी कुलपं बरीच आहेत. डेन्मार्कनं एक शाखा सव्वीस वर्षं विसरून दाखवली, याचं मला एवढं कौतुक नको होतं.

परतायच्या आदल्या रात्री जेवताना दादाचा धाकटा मुलगा बसला होता. जन्म तिथलाच. मराठी बोलतो, थोडं तामिळ हेलात, पण छान बोलतो. दादा त्याला सांगत होता की यंदा जत्रेला सगळे गावाकडे जाऊ. पोरगं म्हणालं, "काका, वडूजला पाहायला काय आहे?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. शेजाऱ्यांवर मी चिडू शकतो. या पोरावर कसा चिडू? त्याला कुणी सांगितलंय? म्हणून सांगायला बसलो. नऊ हुतात्म्यांचं सांगितलं. औंध सांगितलं, वडूजच्या शेजारचं, खटाव तालुक्यातलंच. तिथल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी डोंगरावर संग्रहालय उभारलं, त्यात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्प आहे, आणि त्याच राजानं 1938-39 साली आपण होऊन राज्य रयतेच्या हाती दिलं, त्या घटनेच्या कामात मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर होता. (बाहेरचा गोरा माणूस हवाच असेल, तर हा घ्या!) मग त्याच्या आजोबांची विहीर सांगितली. 1972 च्या दुष्काळात ती आटली, आणि आजोबा खडी फोडायच्या कामावर गेले, आणि त्यातूनच दादाच्या डोक्यात गाव सोडायचा विचार आला. दादा मधेच म्हणाला, "विहीर न्हवं आटली. विहीर लागलीच न्हवती. नुसता खड्डा व्हता." मग दोघांत पाऊण तास त्या विहिरीवरून वाद झाला. पोरगं एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत ऐकत होतं. शेवटी म्हणालं, "तो खड्डा आहे अजून?"

आहे म्हटलं.

वडूजला आल्यावर मी शेजाऱ्यांना माझी उलट योजना सांगितली. पवनचक्कीच्या खर्चाच्या शंभराव्या हिश्श्यात होईल अशी. स्टँडसमोर एक साधी दगडी पाटी. वर शीर्षक : 'या गावची माणसं कुठं कुठं आहेत'. खाली गावांची नावं. मायिलाडुदुरैपासून सुरुवात करायची आणि ज्याला जे माहीत आहे त्यानं ते सांगायचं. शेजारी ऐकून घेतलं, चहा संपवला, आणि म्हणाले, "कल्पना वाईट नाही. पण ती पाटी बघायला येणार कोण?"

म्हटलं, जत्रेला सगळे येतातच. प्रत्येकजण आधी आपलं गाव शोधेल. आणि ज्याचं सुटलं असेल, तो भांडायला तरी येईलच.